पिटातल्या प्रेक्षकाचा पटकथाकार : जे. बी. एच. वाडिया आणि मुंबईचा स्टंटपट

भारतीय चित्रपटाचा इतिहास बहुधा मान्यवर कृतींच्या आधारे सांगितला जातो. दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज अशी त्याची वाट ठरलेली असून, त्याच काळात कमी खर्चात झपाट्याने तयार होणाऱ्या आणि कष्टकरी वस्त्यांतील चित्रगृहे भरून टाकणाऱ्या स्टंटपटांना त्या वाटेवर तळटिपेहून मोठी जागा क्वचितच मिळते. स्टंटपट म्हणजे घोडदौड, तलवारबाजी, पाठलाग, उड्या आणि मारामारी यांवर ज्याचा डोलारा उभा असतो असा चित्रपट. असे चित्रपट अर्धशिक्षित माणसांनी अर्धशिक्षित प्रेक्षकांसाठी केले, अशी एक समजूत रूढ आहे. जमशेद बोमन होमी वाडिया (१९०१–१९८६) यांची कारकीर्द या समजुतीला छेद देते. कारण इंग्रजी साहित्याचा हा एम. ए. पदवीधर, कायद्याचे शिक्षण घेतलेला आणि पुढे राजकीय विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा अनुयायी झालेला लेखक-निर्माता या ‘हलक्या’ प्रकाराकडे नाइलाजाने नव्हे, तर आवडीने आणि समजून-उमजून वळला होता.

दुय्यम चित्रपटाची दोन कुळे

‘बी’ चित्रपट ही संज्ञा मूळची अमेरिकेतील आहे. १९३० च्या दशकातील मंदीत प्रेक्षक टिकवण्यासाठी तेथील चित्रगृहे एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. त्यांपैकी मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा चित्रपट ‘ए’ आणि त्याच्या जोडीला दिला जाणारा, तासाभराचा, थोडक्या पैशांत उरकलेला चित्रपट ‘बी’ मानला जाई. रिपब्लिक आणि मोनोग्राम यांसारख्या कंपन्या अशाच चित्रपटांवर चालत. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंची चित्रगृहांवरील पकड मोडणारा निकाल दिला, पाठोपाठ दूरचित्रवाणी घराघरांत पोचली आणि तेथील जोडचित्रपटांची ही व्यवस्था हळूहळू विरून गेली.

मुंबईत अशी जोडचित्रपटांची पद्धत नव्हती. येथे चित्रपटाचा दर्जा ठरे तो त्याच्या प्रकारावरून आणि प्रेक्षकांच्या बसण्याच्या जागेवरून. सामाजिक, पौराणिक, ऐतिहासिक, पोशाखी आणि स्टंट असे धंद्यातील कप्पे होते. त्यांत सामाजिक चित्रपट सुशिक्षित मध्यमवर्गाचा, तर स्टंटपट ‘पिटातल्या’ म्हणजे पडद्यालगतच्या सर्वांत स्वस्त जागांवर बसणाऱ्या गिरणी कामगारांचा, हमालांचा आणि पोरासोरांचा मानला जाई. या प्रेक्षकाची आवड परदेशी मूकपटांनी घडवली होती. पर्ल व्हाइटच्या साहसी चित्रमालिका आणि डग्लस फेअरबँक्सचे ‘द मार्क ऑफ झोरो’सारखे चित्रपट येथे तुफान चालत.

मराठी माणसांचा या प्रकाराशी संबंध वाडियांच्याही आधीचा आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी करून मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या अखेरच्या पर्वातील सर्वांत लोकप्रिय साहसनायक होते, आणि १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच झाले. पुढे सासूच्या भूमिकांमुळे घरोघरी माहीत झालेल्या ललिता पवार यांनीही आपली सुरुवातीची वर्षे याच प्रकारात काढली. ग. प. पवार यांनी दिग्दर्शित केलेला, त्यांची भूमिका असलेला ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा आज पाहता येणाऱ्या मोजक्या भारतीय मूकपटांपैकी एक असून तो याच जातकुळीतला आहे.

गोदीपासून पडद्यापर्यंत

वाडिया हे पारशी घराणे मूळचे सुरतेचे. लवजी नसरवानजी वाडिया हे जहाजबांधणीतील कसबी कारागीर १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईत आले, आणि त्यांच्या वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई गोदीत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये जतन केलेले आहे. वाडिया मुव्हीटोनच्या बोधचिन्हावर जहाज आले ते या वारशामुळेच.

सुरत ते मुंबई हा किनारा पारशी समाजाच्या इतिहासाचा कणा आहे. परंपरेनुसार इराणातून आलेले पारशी प्रथम संजाण येथे उतरले. डहाणू आणि तारापूर येथेही पारशी वस्ती रुजली. याच किनाऱ्यावरून मुंबईत गेलेल्या समाजाने एकोणिसाव्या शतकात पारशी रंगभूमी उभी केली. गुजराती आणि उर्दू संवाद, गाणी, नेत्रदीपक देखावे, पडद्यामागच्या करामती आणि मध्येच येणारे विनोदी प्रवेश असा तिचा साज होता. सुशिक्षित जमशेद वाडियांना फेअरबँक्स जितका जवळचा, तितकीच ही रंगभूमीही जवळची होती, आणि त्यांच्या पटकथांमध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.

जमशेद यांनी चित्रपटाच्या धंद्यात शिरावे, हे प्रतिष्ठित घराण्याला रुचणारे नव्हते. तरीही कोहिनूर स्टुडिओत काम शिकून त्यांनी १९२८ साली ‘वसंतलीला’ हा पहिला मूकपट काढला, आणि धाकटे भाऊ होमी (१९११–२००४) शिक्षण अर्धवट टाकून त्यांना येऊन मिळाले. दोघांची कामाची वाटणी लवकरच ठरून गेली : थोरल्याने कथा रचावी, संस्थेचा कारभार पाहावा, वितरकांशी बोलणी करावीत, धाकट्याने कॅमेरा, संकलन आणि दिग्दर्शन सांभाळावे. झोरोच्या वळणाचा ‘दिलेर डाकू’ (१९३१) आणि आगगाडीवर बेतलेला ‘तूफान मेल’ (१९३२) या मूकपटांतून त्यांची शैली आकाराला आली.

बोलपटाचा प्रवेश आणि ‘हंटरवाली’

बोलपट आल्यानंतर पहिली काही वर्षे स्टंटपट मागे पडला. ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रे आणि जागचे न हलणारे ध्वनिग्राहक यांमुळे कॅमेरा स्टुडिओत कोंडला गेला, आणि प्रेक्षकही संवाद-गाण्यांच्या नवलाईत रमला. १९३३ साली परळच्या लवजी कॅसल या घराण्याच्या जुन्या वास्तूत वितरक एम. बी. बिलिमोरिया आदी भागीदारांच्या साहाय्याने वाडिया मुव्हीटोन सुरू झाली, तेव्हा तिचा पहिला बोलपट ‘लाल-ए-यमन’ हा स्टंटपट नव्हता, तर पारशी रंगभूमीच्या धर्तीचा संगीतप्रधान पोशाखी चित्रपट होता. त्याच्या लेखनात जोसेफ डेव्हिड यांचा मोठा वाटा होता. ‘आलम आरा’ ज्यांच्या नाटकावरून झाला, ते हे डेव्हिड कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायली समाजातले होते. पुढे किराणा घराण्याचे ख्यातनाम गायक म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले फिरोज दस्तूर यांनी याच चित्रपटात बालवयात भूमिका करून गाणी गायिली.

त्यानंतरचा निर्णय धाडसाचा होता. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९०८ साली जन्मलेली, ब्रिटिश फौजेतील सैनिकाची मुलगी मेरी इव्हान्स लहानपणीच हिंदुस्थानात आली होती. घोडेस्वारी, नृत्य आणि सर्कशीतील कसरती तिला अवगत होत्या, आणि ‘नादिया’ या नावाने ती नाट्यप्रयोगांतून देशभर फिरत असे. सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची आणि हिंदुस्थानी अडखळत बोलणारी ही तरुणी हिंदी चित्रपटाची नायिका होऊ शकेल, असे कोणाला वाटणे कठीणच होते. वाडियांनी तिला आधी लहानशा भूमिकांत पारखले, आणि मग तिच्या अंगच्या गुणांभोवती कथा रचली. ‘हंटरवाली’ (१९३५) या चित्रपटात दुष्ट वजीर राजाला कैद करतो आणि राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन गोरगरिबांची कैवारी बनते. नायिकेच्या उच्चारांतील उणीव झाकण्यासाठी संवाद आखूड ठेवण्यात आले, आणि बोलण्याचे काम देहाच्या हालचालींकडे सोपवण्यात आले.

सुमारे ८० हजार रुपये खर्चून तयार झालेला हा चित्रपट घेण्यास वितरक धजेनात, तेव्हा निर्मात्यांनी आणि बिलिमोरियांनी स्वतःच्या जबाबदारीवर तो मुंबईच्या सुपर सिनेमात लावला. तो २५ आठवड्यांहून अधिक चालला, आणि त्याच्या नावाचे चाबूक व पट्टे बाजारात विकले जाऊ लागले. कथा जमशेद यांची, दिग्दर्शन होमींचे आणि कसरती जातीने करणारी नादिया, ही जुळणी पुढच्या सात-आठ वर्षांत पुन्हापुन्हा यशस्वी ठरली. व्यायामपटू जॉन कावस, ‘पंजाब का बेटा’ नावाचा घोडा, ‘गनबोट’ नावाचा कुत्रा आणि ‘रोल्स रॉइस की बेटी’ असे थाटाचे नाव धारण करणारी मोटार ही या चित्रपटांची ठरलेली पात्रे झाली.

पटकथेची घडण

या चित्रपटांचे लेखन म्हणजे केवळ मारामाऱ्यांची यादी करणे नव्हे. कमी खर्चाच्या पटकथेत प्रत्येक प्रसंगाला हिशेब असतो. एकच जंगल, एकच राजवाडा आणि एकच आगगाडी अनेक चित्रपटांत वापरावी लागते, आणि म्हणून नावीन्य देखाव्यांतून नव्हे, तर प्रसंगांच्या क्रमातून आणावे लागते. वाडियांच्या पटकथांत अन्याय पहिल्या काही मिनिटांतच उघड होतो, नायिकेची दुहेरी ओळख त्यापाठोपाठ प्रस्थापित होते, आणि नंतर पाठलाग, सुटका, विनोद व गाणे यांचे असे आवर्तन सुरू होते, की प्रेक्षकाला दम घेण्याची उसंत तर मिळावी, पण उत्सुकता मात्र ढळू नये. चित्रीकरणात कॅमेऱ्याची गती मुद्दाम थोडी कमी ठेवून नंतर चित्रफीत नेहमीच्या वेगाने दाखवली, की मारामारीला आपोआप चपळाई येत असे. अशा युक्त्या गृहीत धरूनच प्रसंग लिहिले जात.

‘मिस फ्रंटियर मेल’ (१९३६) हे या लेखनाचे ठळक उदाहरण आहे. १९२८ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने मुंबई-पेशावर अशी सुरू केलेली फ्रंटियर मेल ही त्या काळी वेगाचे आणि आधुनिकतेचे प्रतीक होती. मुंबई सोडल्यानंतर पालघर, बोईसर, डहाणू ही आजच्या पालघर जिल्ह्यातील स्थानके मागे टाकून ती गुजरातेत शिरत असे. भातशेती, मिठागरे आणि ताडामाडांच्या या पट्ट्यातून धडधडत जाणारी मेल दिवसागणिक पाहणाऱ्या प्रेक्षकाला पडद्यावरची आगगाडी परकी वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपटात सविता ही टेनिस खेळणारी, मोटार चालवणारी आधुनिक तरुणी खुनाच्या खोट्या आरोपात गुंतलेल्या वडिलांना सोडवण्यासाठी झटते. तिचा प्रतिस्पर्धी असलेला ‘सिग्नल एक्स’ हा मुखवटाधारी खलनायक विमानवाहतुकीच्या फायद्यासाठी रेल्वेवर घातपात घडवून आणत असतो. धावत्या गाडीच्या टपावरील मारामारी नादियाने बदली कलाकाराविना केली.

या रंजनात विचारही पेरलेले होते. ब्रिटिश अमदानीत चित्रपट प्रदर्शनापूर्वी सेन्सॉर मंडळाकडून तपासून घ्यावा लागे, आणि स्वराज्याचा उघड पुरस्कार करणारे दृश्य कापले जाण्याचा धोका असे. काल्पनिक संस्थानातील जुलमी वजीर मात्र कात्रीतून सहज निसटत असे, आणि त्याच्याविरुद्ध उठलेल्या प्रजेचा अर्थ प्रेक्षक आपापल्या परीने लावून घेत असे. ‘डायमंड क्वीन’ (१९४०) मध्ये शहरात शिकून परतलेली नायिका गावगुंडांचा बंदोबस्त करता करता साक्षरतेबद्दल आणि स्त्रियांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलते. पांढरपेशा सामाजिक चित्रपटात अशा नायिकेला शेवटी घराच्या चौकटीत परत आणण्याचा प्रघात असताना, स्टंटपटातील नायिका पुरुषांना खांद्यावर उचलून फेकूनही ताठ मानेने उभी राहते, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रतिष्ठेची ओढ आणि फूट

जमशेद वाडियांना स्टंटपटाचा अभिमान होता, तरी त्यांची भूक तेवढ्याने भागत नव्हती. १९३७ साली त्यांच्या संस्थेने ‘नौजवान’ हा एकही गाणे नसलेला बोलपट काढला. मात्र गाण्यांना सरावलेल्या प्रेक्षकाला तो अपुरा वाटला. ते चित्रपट निर्मात्यांची संघटना उभारणाऱ्यांत होते, आणि १९४० साली युद्धकाळात स्थापन झालेल्या फिल्म ॲडव्हायजरी बोर्डाचे, म्हणजे सरकारी माहितीपटांची निर्मिती पाहणाऱ्या मंडळाचे, अध्यक्षपदही त्यांनी स्वीकारले. फॅसिझमचा पराभव ही स्वातंत्र्याची पूर्वअट आहे, ही रॉय यांची भूमिका त्यांना पटलेली असल्याने, काँग्रेसने युद्धप्रयत्नांना विरोध केलेला असतानाही हा निर्णय त्यांच्या विचारांशी सुसंगत होता.

१९४१ चा ‘राजनर्तकी’ हा या ओढीचा कळस होता. मधु बोस यांचे दिग्दर्शन, साधना बोस यांचे नृत्य आणि पृथ्वीराज कपूर यांची भूमिका असलेला हा चित्रपट हिंदी, बंगाली आणि ‘कोर्ट डान्सर’ या नावाने इंग्रजीतही काढण्यात आला. खर्च आवाक्याबाहेर गेला आणि संस्थेची घडी विस्कटली. चित्रपटांचे स्वरूप कसे असावे, याबद्दल भावांमध्ये मतभेद होतेच; १९४२ साली होमींनी बसंत पिक्चर्स ही स्वतंत्र संस्था काढली. परळच्या स्टुडिओची जागा व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात आदराने घेतले जाणारे हे नाव अशा रीतीने स्टंटपटांच्या आवारातच रुजले.

युद्धकाळात कच्च्या फिल्मची टंचाई झाली, चित्रपटाच्या लांबीवर सरकारी मर्यादा आली, आणि परवान्याशिवाय फिल्म मिळेनाशी झाली. अशा दिवसांतही होमींचा ‘हंटरवाली की बेटी’ (१९४३) चालला, आणि जुन्या सूत्रात अजून दम असल्याचे दिसून आले. वाडिया मुव्हीटोनचे नाव त्यानंतरही पडद्यावर येत राहिले. दिलीपकुमार आणि नर्गिस यांचा, नौशाद यांच्या संगीताने गाजलेला एस. यू. सनी दिग्दर्शित ‘मेला’ (१९४८) त्याच नावाखाली निघाला, आणि १९५१ साली खुद्द जमशेद यांनी मीनाकुमारीला घेऊन ‘मदहोश’ दिग्दर्शित केला. पण शतकाच्या मध्याला स्वस्त चित्रपटाचे केंद्र चेंबूरच्या बसंत स्टुडिओत सरकले होते. ‘वीर घटोत्कच’ (१९४९), ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२), रंगीत ‘हातिमताई’ (१९५६) आणि ‘झिंबो’ (१९५८) अशा पौराणिक, अद्भुत आणि जंगलपटांची तेथे रांग लागली. ‘बैजू बावरा’ने (१९५२) मोठी तारका होण्यापूर्वीची मीनाकुमारी यांतल्या काही चित्रपटांची नायिका होती. होमी आणि नादिया १९६१ मध्ये विवाहबद्ध झाले, आणि ‘खिलाडी’ (१९६८) हा नादियाचा अखेरचा चित्रपट ठरला.

चेंबूरमध्येच याच सुमारास एक मराठी स्टुडिओही चालत होता. गिरणी कामगाराचे पुत्र भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, १९३८ पासून स्वस्त स्टंटपट दिग्दर्शित करत आले होते, आणि १९४७ मध्ये त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. सामाजिक चित्रपटाकडे वळून त्यांनी सी. रामचंद्र यांच्या संगीतासह ‘अलबेला’ (१९५१) काढला, तेव्हा वर्षानुवर्षे स्टंटपटांत कमावलेली देहाची लय नृत्याच्या रूपाने साऱ्या देशासमोर आली. वाडियांना प्रतिष्ठित चित्रपटाकडे जाताना जे साधले नाही, ते भगवानदादांना साधले, कारण त्यांनी पिटातल्या प्रेक्षकाची नाडी न सोडता कप्पा बदलला. मात्र नंतरचे चित्रपट पडत गेले, बंगला आणि मोटारी विकाव्या लागल्या, आणि अखेरची वर्षे त्यांनी दादरच्या चाळीतील खोलीत काढली. दुय्यम मानल्या गेलेल्या चित्रपटाचा निर्माता किती डळमळीत आर्थिक पायावर उभा असे, याचा हा पुरावा आहे. बँका आणि मोठे भांडवलदार त्याच्या पाठीशी नसत, आणि आधीच्या चित्रपटाची मिळकत हेच पुढच्या चित्रपटाचे भांडवल असे.

उशिरा झालेली नोंद

उत्तरायुष्यात जमशेद वाडियांनी आपल्या मूकपटांच्या दिवसांविषयी लेखन केले आणि १९८३ साली मानवेंद्रनाथ रॉय यांच्यावर आठवणीवजा पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांचे नातू रियाद वाडिया यांनी १९९३ मध्ये नादियावर माहितीपट केला, आणि तो परदेशी महोत्सवांत दाखवला गेल्यावर या चित्रपटांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले. त्यानंतर जर्मन लेखिका डोरोथी वेनर यांनी नादियाचे चरित्र लिहिले, आणि ब्रिटिश अभ्यासक रोझी थॉमस यांनी मुंबईच्या स्टंट व अद्भुत चित्रपटांचा सविस्तर इतिहास मांडला.

या नव्या कुतूहलात नादियाचा चेहरा पुढे आला, हे स्वाभाविक आहे. पण तिच्यासाठी प्रसंग रचणारा, तिच्या तोंडी मोजके शब्द घालणारा आणि वितरकांनी पाठ फिरवल्यावर पैशाची जोखीम उचलणारा माणूस तिच्या सावलीत राहिला. त्याच्या कारकिर्दीचा जमाखर्च मांडला, तर एक विसंगती ठळकपणे दिसते : ज्या चित्रपटांकडून त्याला मान अपेक्षित होता, त्यांनी त्याची संस्था खिळखिळी केली, आणि ज्यांना समीक्षकांनी पोरखेळ ठरवले, त्यांनी तिचे कर्ज फेडले, कामगारांचे पगार दिले आणि प्रयोगांसाठी पैसा पुरवला. चित्रपटाचे मोठेपण त्याच्या खर्चावरून किंवा प्रेक्षकांच्या तिकिटाच्या दरावरून ठरवण्याची सवय सोडल्याशिवाय या लेखकाचे स्थान नीट ठरणार नाही, आणि मराठी माणसांनी गाजवलेल्या स्टंटपटांच्या इतिहासालाही तीच कसोटी लावावी लागेल.